लखनौची इंद्रसभा आणि मराठी नाट्यपद

इ. स. १८८० मध्ये पुण्यात एका पारशी नाटक मंडळीने 'इंद्रसभा' नावाचा खेळ लावला होता. भाषा उर्दू, कथा पऱ्यांची आणि आरंभापासून अखेरपर्यंत गाणेच गाणे. प्रेक्षकांत रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणारे सदतीस वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे नाव. असे गाण्यांनी भरलेले नाटक मराठीत का होऊ नये, हा विचार घेऊन ते नाटकगृहाबाहेर पडले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक पुणेकरांनी पाहिले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हा प्रसंग हटकून येतो. परंतु तो बहुधा एकाच वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यापासून कालिदास, कण्वमुनी आणि किर्लोस्कर मंडळींचे वैभव सुरू होते. ती इंद्रसभा कोणाची, कोठली, ती पुण्यापर्यंत आली कशी, हे विचारावयास कोणी फारसे थांबत नाही. ज्या पदांवर महाराष्ट्राने पुढे पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकला, त्या पदांच्या कुळाचा विचार करताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. ती इंद्रसभा लखनौची होती.

तिचा कर्ता सय्यद आगा हसन. 'अमानत' या नावाने तो कविता करी. घराण्याची आवड मर्सियाची, म्हणजे करबलाच्या हौतात्म्यावरील शोकगीतांची. आणि याचाही आरंभ तेथूनच झाला. ऐन विशीत एका दुखण्यात त्याची वाचा गेली. पुढे काही वर्षांनी तो करबलाच्या यात्रेस गेला. तेथे वाणी परत आली असे तो सांगतो. परंतु ती पुरती आली नाही, जीभ अडखळतच राहिली. बोलण्याची ही अडचण असल्यामुळे तो बहुतेक घरीच बसून असे. एका मित्राच्या आग्रहावरून त्याने करमणुकीखातर १८५२-५३च्या सुमारास एक सभा रचली. ज्याला चार शब्द सरळ उच्चारता येत नव्हते, त्याने रचलेल्या शब्दांवर पुढे शंभर वर्षे हिंदुस्थानभरच्या नटांनी आणि गायिकांनी गळे फिरवले!

कथानक म्हणावे तर अगदीच बेताचे आहे. इंद्राचा दरबार भरतो. पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज अशा चार रत्नवर्णी पऱ्या एकामागून एक येतात, आपापल्या आगमनाचे गाणे गातात आणि नाचतात. चौथी, म्हणजे सब्ज परी, अख्तरनगरच्या गुलफाम नावाच्या राजपुत्रावर भाळलेली आहे. काळ्या देवाकरवी ती त्याला उचलून आणते, दरबार पाहण्याचा हट्ट तो धरतो, चहाडी होते, गुलफामला काफ पर्वताच्या विहिरीत टाकले जाते आणि परीचे पंख छाटून तिला हाकलून देतात. ती जोगीण होते, गात गात रानोमाळ हिंडते. तिच्या गाण्याची कीर्ती इंद्राच्या कानी जाते. तो तिला बोलावतो, गाण्यावर प्रसन्न होऊन बिदागी देऊ करतो आणि ती बिदागी म्हणून गुलफामला मागून घेते. संपले. ह्या गोष्टीत इंद्र आहे तो आपल्या पुराणातला, पऱ्या व काफ पर्वत इराणी किश्श्यातले, जोगीण गावोगावच्या कथागीतांतली आणि अख्तरनगर म्हणजे उघडउघड लखनौ. कारण 'अख्तर' हे तेथल्या राजाचेच कवितेतले नाव. हे मिश्रण कोणी ठरवून केलेले नाही. लखनौच्या गल्लीत त्या वेळी जे एकत्र नांदत होते, तेच अमानतच्या सभेत एकत्र आले.

परंतु इंद्रसभेचा प्राण तिच्या गोष्टीत नाही, गाण्यांत आहे. तीत ठुमऱ्या आहेत, गझला आहेत, होळीची आणि वसंताची गाणी आहेत, पावसाळ्यातील सावन आहेत, छंद आणि चौबोले आहेत. गझलांची भाषा दरबारी उर्दू; ठुमरी आणि होरी आली की भाषा व्रज आणि अवधीकडे वळते. कारण त्या गाण्यांतली नायिका मुळी कृष्णाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आहे. पात्रे एकमेकांशी बोलतात तेही पद्यातच. नुसते सांगायचे असे गद्य तीत जवळजवळ नाहीच. आपल्या कृतीवर अमानतने स्वतः एक टीका लिहिली आणि तीत प्रयोग कसा होतो याचे चित्र काढून ठेवले. पात्र येण्यापूर्वी लाल पडदा धरीत. पडद्याआडून आगमनाचे गाणे सुरू होई. महताब पेटे आणि त्या झगझगीत उजेडात पडदा बाजूला होऊन परी दिसे. सारंगी-तबल्याचे साजिंदे कंचनीच्या बैठकीत असतात तसे मागे उभे. ना रंगवलेले देखावे, ना अंक, ना प्रवेश. सुर असतील तेवढाच दरबार.

ह्या खेळाविषयी एक दंतकथा फार दिवस चालली. ती अशी की, नबाब वाजिद अली शाहच्या दरबारी कोणी फ्रेंच मनुष्य होता. त्याने युरोपातील ऑपेराचे वर्णन केले. नबाबाने अमानतला तसे काही लिहावयास सांगितले आणि कैसरबागेत नबाब स्वतः इंद्र होऊन बसला. ही कथा छापील पुस्तकांतून फिरली आणि इतकी रुजली की तीवर शंका घेणे जड झाले. तिचा निकाल लावला तो लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक मसूद हसन रिझवी यांनी. लखनौच्या शाही आणि लोकांच्या रंगमंचांवर त्यांनी वेगवेगळे लिहिले, तेच मुळी ह्या दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या म्हणून. अमानत दरबारचा नोकर नव्हता. इंद्रसभा शहरातील लोकांची होती आणि फ्रेंच गृहस्थाचा पुरावा कोठेच नाही. आपल्याकडे काही चांगले निपजले की त्याला परदेशी बाप शोधावयाचा, ही खोड जुनीच आहे.

दरबारचा संबंध नाही असे मात्र म्हणता येणार नाही. वाजिद अली शाहने गादीवर येण्याआधीच, १८४३ मध्ये, राधा-कन्हैयाच्या कथेवर एक नृत्यगीतमय रहस बसवला होता. १८४७ मध्ये तो राजा झाला. पुढे त्याने कैसरबागेचा विस्तीर्ण महाल उठवला. निवडलेल्या मुलींना उस्तादांकडून गाणे आणि नाच शिकवण्याची जी व्यवस्था त्याने केली होती, तिचे नाव परीखाना. तेथे शिकणाऱ्या मुली 'परी' म्हणून ओळखल्या जात. शहरात अमानतच्या पऱ्या अवतरल्या त्या ह्या हवेत. राजाच्या महालात जे चालले होते त्याची चर्चा चौकाचौकात होती. अमानतने ती चौकातल्या माणसांच्या हाती दिली.

त्या महालातील गाण्याबजावण्याचा हिशेब कलकत्त्यास वेगळ्या वहीत मांडला जात होता. राजा नाचगाण्यात बुडालेला आहे, राज्यकारभाराकडे त्याचे लक्ष नाही, असे रेसिडेंटांचे अहवाल वर्षानुवर्षे जमा होत होते. लॉर्ड डलहौसीने ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा केले. राजा कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे जाऊन राहिला आणि १८८७ मध्ये तेथेच वारला. त्याच्या कारभारात दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु महसुलाची लालूच हे खरे कारण आणि ठुमरी ही सबब, हेही आता झाकलेले नाही. मराठी श्रोत्याला हा आरोप अपरिचित वाटावयाचा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्याविषयी असेच लिहिले गेले आणि लावणीला त्या पापाची वाटेकरीण ठरवण्यात आले. राज्ये बुडाली ती तोफांनी आणि तहनाम्यांनी. ठपका मात्र ढोलकीवर आणि घुंगरांवर राहिला.

१८५७ चा वणवा लखनौस सगळ्यांत उग्रपणे पेटला. मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौजा कैसरबागेत शिरल्या आणि तिची लूट झाली. त्या धुमश्चक्रीनंतर थोड्याच काळात अमानतही गेला. ज्या शहरासाठी इंद्रसभा रचली ते शहर, ज्याच्या नावाचे अख्तरनगर तीत आले तो राजा आणि ती रचणारा कवी, यांपैकी काहीच पूर्वीसारखे उरले नाही. गाणी मात्र उरली, आणि आश्चर्य असे की त्यांचा खरा प्रवास ह्यानंतरच सुरू झाला.

हा प्रवास मुंबईवरून झाला आणि मुंबईत त्याची वाट मराठी माणसानेच आधी मोकळी करून ठेवली होती. ज्या १८४३ साली लखनौच्या युवराजाने राधा-कन्हैया नाचवले, त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले. आणि योगायोग असा की अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्मही त्याच वर्षाचा. भाव्यांचा लखनौशी काही संबंध नव्हता, युवराजाला सांगलीचे नावही ठाऊक नसेल. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, भाव्यांची मंडळी मुंबईस गेली आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिने तिकीट लावून खेळ केले. ते पाहून पारशी तरुणांना हुरूप आला आणि त्याच वर्षी त्यांनी आपली पहिली नाटक मंडळी उभी केली. पुढील वीस वर्षांत पारशी मंडळ्यांनी प्रथम गुजरातीत आणि मग उर्दूत नाटके केली, रंगीत पडदे आणले, यंत्रांनी पऱ्या उडवल्या. उडवावयास पऱ्या हव्यात, तर लखनौची इंद्रसभा तयारच होती! १८७० नंतर ती मुंबईच्या पारशी मंडळ्यांचे हुकमी नाणे बनली. एका महताबीच्या उजेडात उभी राहणारी सब्ज परी आता गॅसच्या दिव्यांत, चित्रित महालापुढे, पायपेटीच्या सुरावर गाऊ लागली.

म्हणजे हिशेब असा होतो. सांगलीच्या भाव्यांनी पारशी मंडळींना नाटकाचा नाद लावला. पारशी मंडळींनी लखनौची इंद्रसभा उचलली. आणि ती पुण्यास आली तेव्हा तिने किर्लोस्करांना वाट दाखवली. भाव्यांचे देणे असे लखनौवरून वळसा घेऊन सत्तावीस वर्षांनी परत आले. उसने दिलेल्या वस्तूला परतताना इतके सोने लागल्याची उदाहरणे विरळा आढळतील.

तथापि किर्लोस्करांनी इंद्रसभेची नक्कल केली, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आधी हेही सांगितले पाहिजे की सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी 'संगीत नल-दमयंती' १८७९ मध्येच रचले होते; तेव्हा कल्पना हवेत होतीच. किर्लोस्करांनी इंद्रसभेतून घेतली ती एक मोकळीक. भाव्यांच्या नाटकात गाणे सूत्रधाराचे होते. पात्रे हावभाव करीत आणि वेळेवर सुचेल ते बोलत, गाणारा तो एक. इंद्रसभेत प्रत्येक पात्र स्वतःचे गाणे स्वतः गाते. शकुंतलेने आपले दुःख आपणच गावे, कण्वाने निरोपाचे पद आपल्या तोंडाने म्हणावे, हा बदल लहान दिसतो. परंतु मराठी नटाला गवई व्हावे लागले ते ह्या बदलामुळे. बाळकोबा नाटेकर, मोरोबा वाघोलीकर आणि दोन वर्षांनी आलेले भाऊराव कोल्हटकर ही माणसे त्या बदलाची पहिली फळे होत.

जे घेतले नाही तेही तितकेच बोलके आहे. इंद्रसभेतील अखंड पद्य किर्लोस्करांनी टाकून दिले आणि संभाषणे गद्यात ठेवली. शाकुंतलाच्या सुमारे दोनशे पदांत लखनवी गझलेचा थाट नाही. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ह्या कीर्तनातल्या आणि आख्यानांतल्या चाली आहेत. कर्नाटकी वळणे आहेत, कारण किर्लोस्कर गुर्लहोसूरचे आणि तो मुलूख त्यांच्या कानात होता. श्रोत्यांच्या ओळखीच्या चालीवर अनोळखी प्रसंग बसवण्याची ही युक्ती होती. एकूण पाहता लखनौहून बी आले, पण ते रुजले ते देवळाच्या सभामंडपातील मातीत. म्हणूनच पुण्याच्या प्रेक्षकाला हे झाड परके वाटले नाही. पुढे त्याचे मूळ विसरले गेले त्याचे कारणही हेच.

इकडे हे चालले असता इंद्रसभा पुस्तकरूपानेही फिरत होती. उर्दू, नागरी, गुजराती, गुरुमुखी अशा निरनिराळ्या लिप्यांत तिच्या आवृत्त्या निघाल्या, आणि त्या अवघ्या पैशा-आण्याच्या जाडसर कागदावर. तिचे अनुकरण करणाऱ्या इतर 'सभा' निघाल्या. काशीच्या भारतेंदु हरिश्चंद्रांना हा सारा प्रकार इतका नकोसा झाला की त्यांनी १८७९ मध्ये 'बंदर सभा' लिहून तिची टर उडवली. टर उडवावयास मूळ वस्तू घरोघर ठाऊक असावी लागते, हेही त्यातून सिद्ध झाले. फ्रीड्रिख रोझेन नावाच्या जर्मन पंडिताने १८९२ मध्ये लाइप्झिग येथे तिचे भाषांतर छापले. हाच गृहस्थ पुढे जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झाला. मराठी नाटकगृहांच्या दाराशीही नाटकातील पद्यांची चोपडी विकली जाई. ज्याने नाटक पाहिले तो ती घरी नेई. ज्याने पाहिले नाही तोही नेई आणि पेटीवर चाल काढीत बसे. गाणे नाटकापासून सुटे होण्याची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी यंत्राची. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्यास उतरला. त्याने जी अगदी पहिली ध्वनिमुद्रणे केली, त्यांत क्लासिक थिएटर ह्या नाटकगृहातील दोन तरुण गायिकांची गाणी होती; गौहर जान आली ती काही दिवसांनी. म्हणजे आपल्या देशात तबकडीचा जन्मच रंगभूमीच्या दारात झाला. तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटे, फार तर थोडी अधिक. रंगभूमीवर एखादे पद 'वन्स मोअर' घेत अर्धा अर्धा तास चाले. कर्ण्यापुढे तेच पद तीन मिनिटांत आटोपावे लागे. आलाप गेले, प्रेक्षकांची दाद गेली, मागच्या संभाषणाचा धागा गेला. राहिले काय, तर मुखडा, दोन-तीन नेमक्या ताना आणि साथ. लखनौस साजिंदे नटीच्या पाठीशी उभे असत. पारशी आणि मराठी नाटकगृहांत ते रंगमंचासमोर येऊन बसले. तबकडीत ते गाणाराच्या बरोबरीने श्रोत्याच्या खोलीत येऊन बसले. घरातल्या माणसाला आता इंद्र दिसत नव्हता, भामिनी दिसत नव्हती. सारंगीने सूर धरला की त्या सुरावर त्याने आपला रंगमंच आपणच उभारावयाचा.

महाराष्ट्रात हे घडले ते मुख्यतः बालगंधर्वांच्या आवाजाने. आणि येथे लखनौचा संबंध दुसऱ्यांदा येतो, पहिल्याहून अधिक थेट. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या आणि त्या देताना त्यांनी साकी-दिंडीचा जुना मार्ग सोडून पूरब ढंगाच्या ठुमऱ्या, दादरे आणि कजऱ्या घेतल्या. ह्या गायनाची पेठ म्हणजे लखनौ आणि बनारस. किर्लोस्करांनी लखनौची नुसती तऱ्हा घेतली होती. टेंब्यांनी तिकडचे सूरच आणले. जुन्या प्रेक्षकांनी नाके मुरडली. पद अर्थासाठी असते की चालीसाठी, हा वाद तेव्हापासून जो सुरू झाला तो मिटला असे म्हणवत नाही. ह्या वादात न्याय जुन्यांच्याच बाजूला अधिक आहे. शब्द अनेकदा चालीच्या मापाने कापले गेले. परंतु तीन मिनिटांच्या तबकडीवर नाटकाचा आधार नसताना जी पदे टिकली, ती ह्याच चालींची, हेही नाकारता येत नाही. ठुमरी मुळातच अशी असते की एका ओळीत सारे सांगून टाकते. तिला अंक लागत नाही, प्रवेश लागत नाही.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये स्थापन झाली आणि तिने साथीवर केलेला खर्च अत्तरावरच्या खर्चाइतकाच प्रसिद्ध आहे. पायपेटीच्या जागी ऑर्गन आला. सारंगीवर कादरबक्ष. तबल्यावर अहमदजान थिरकवा. थिरकवा मुरादाबादचे, हिंदुस्थानातील बिनीचे तबलजी म्हणून त्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. स्वतंत्र वादनात ज्याचा हात शंभरांत उठून दिसावा, तो माणूस ह्या पदांमागे जितके हवे तितकेच वाजवी. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या लावल्या असता गाणाराइतकेच ह्या संयमाकडे लक्ष जाते. ठेका असा चालतो की तो आहे हे विसरावे, आणि समेपाशी असा येतो की विसरल्याची लाज वाटावी.

मूळ इंद्रसभेलाही यंत्राने गाठले. चित्रपट बोलू लागल्यावर वर्षभरातच, १९३२ मध्ये, कलकत्त्याच्या मादन थिएटर्सने 'इंद्रसभा' पडद्यावर आणली. गुलफाम झाला मास्टर निसार आणि सब्ज परी झाली जहाँआरा कज्जन, जिचा जन्म लखनौचाच. चित्रपट साडेतीन तासांचा आणि त्यात गाणी सत्तरच्या आसपास! गाण्यांच्या संख्येत त्याला आजवर कोणी मागे टाकलेले नाही. समीक्षकांनी त्याला चित्रपट मानले नाही आणि ते बरोबरच होते. छायाचित्रे लावलेला तो गाण्यांचा एक प्रचंड संच होता. परंतु ऐंशी वर्षांपूर्वी अमानतच्या मित्रांना जे हवे होते तेच हे होते. गोष्ट नावापुरती, बाकी गाणी. पुढे दीर्घवादन तबकड्या निघाल्यावर निरनिराळ्या नाटकांतील पदे वाद्यवृंदासह एका तबकडीवर एकत्र येऊ लागली आणि 'सौभद्रा'तील सुभद्रा 'स्वयंवरा'तल्या रुक्मिणीच्या शेजारी जाऊन बसली. त्यातही नवे काही नव्हते. पुखराज, नीलम, लाल, सब्ज अशा आपापली गाणी घेऊन येणाऱ्या पऱ्यांची सभा ती हीच.

लखनौचे उरलेले देणे फेडले गेले ते वेगळ्याच रीतीने. पंडित विष्णू नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. त्यांनी गावोगाव हिंडून घराण्यांच्या चिजा मिळवल्या, त्या लिपिबद्ध केल्या, रागांची शास्त्रीय मांडणी केली. १९२४ आणि १९२५ साली लखनौस संगीत परिषदा भरल्या आणि त्यांतून १९२६ मध्ये, संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने, तेथे संगीताचे महाविद्यालय निघाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. महाराष्ट्राने संगीताचे शास्त्र लखनौस नेले, असे अभिमानाने म्हणावयास हरकत नाही. परंतु त्या शास्त्रात एक गंमत आहे. खमाज, काफी, पिलू ह्या रागांना भातखंड्यांनी 'क्षुद्र प्रकृतीचे' म्हटले. शब्द पारिभाषिक आहे, शिवी नव्हे. ख्याल-ध्रुपदाचे गांभीर्य ज्यांत मावत नाही असे राग, एवढाच त्याचा अर्थ. तरीही ठुमरी वाढली ती ह्याच रागांत आणि मराठी नाट्यपदे ज्यांवर पोसली त्यांतही हेच राग आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे तो शब्द थोडा टोचतोच. रेसिडेंटाच्या अहवालातून सुटलेली ठुमरी पंडिताच्या ग्रंथातही खालच्याच पाटावर बसली.

महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आले आणि जवळजवळ तीस वर्षे राहिले. त्यांच्या हाताखाली गिंडे, भट, कायकिणी, सुमती मुटाटकर अशी माणसे तयार झाली. वाईचे विष्णु गोविंद जोग तेथे व्हायोलिन शिकवीत. पुढे चित्रपटसंगीतात नाव मिळवणारे रोशन आणि लखनौचे तलत महमूद हे त्याच शाळेचे विद्यार्थी. २ एप्रिल १९३८ रोजी लखनौचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याला गाणारी-वाजवणारी माणसे शोधावयास दूर जावे लागले नाही. १९६६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने महाविद्यालय ताब्यात घेऊन त्यास भातखंड्यांचे नाव दिले. आज ते विद्यापीठ आहे.

आणि ते भरते कोठे? कैसरबागेत, परीखान्याच्या वास्तूत. वाजिद अली शाहच्या मुली जेथे उस्तादांपुढे बसून पदन्यास गिरवीत, त्याच इमारतीत मराठी प्राध्यापक मुलामुलींना सरगम घोकून घेऊ लागले. ज्या शिक्षणाच्या व्यवस्थेवर बोट ठेवून एका राजाला नालायक ठरवले, त्याच व्यवस्थेला सत्तर वर्षांनी इंग्रज गव्हर्नराचे नाव मिळाले, अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा आणि पदव्या मिळाल्या. लखनौस त्याचे विशेष कोणास वाटले नसावे. तेथे गाणे शिकवण्याची जागा ती, एवढेच लोकांना ठाऊक होते.

थिरकवाही अखेर तेथेच आले. गंधर्व मंडळीचे दिवस संपल्यावर ते रामपूर दरबारी होते. संस्थाने गेल्यानंतर लखनौच्या ह्या महाविद्यालयात ते तबल्याचे प्राध्यापक झाले. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १३ जानेवारी १९७६ रोजी, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, लखनौतच त्यांचे देहावसान झाले. पूरबची चाल मराठी शब्दांत बसवून बालगंधर्वांनी गायिलेल्या पदांना वर्षानुवर्षे ज्या हातांनी ठेका दिला, ते हात शेवटी परीखान्यात विद्यार्थ्यांसमोर कायद्याचे बोल वाजवीत होते.